निशीकासाई, ओजिमा की किरिगाओका? टोकियोत भाड्याचे घर शोधताना

माझ्या भाच्याची टोकियोला बदली झाली आहे. बायको, दुसरीतली मुलगी आणि जिम्बोचोला ऑफिस. नाशिकहून त्याने फोन केला तो एकच प्रश्न विचारायला, "मावशी, सेफ आणि स्वस्त एरिया कुठला?" फोनवर मी जमेल तेवढे सांगितले, पण मनासारखे सांगून झाले नाही. त्याच्यासारखेच आणखी कुणी ठरवायला बसले असेल, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी 'सेफ' म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे घर बघताना चोऱ्या होतात का, रात्री बाईमाणसाला एकटे येता येते का, वस्ती कशी आहे, एवढेच विचारतात. टोकियोत हे प्रश्न लवकर सुटतात. शहरभर दर थोड्या अंतरावर कोबान, म्हणजे छोटी पोलीस चौकी असते. सहा-सात वर्षांची मुले एकटी शाळेत चालत जातात. सर्वांत जास्त चोरीला जाते ती सायकल. बाईने एकटीने राहायचे असेल तर तळमजला टाळावा आणि कपडे रस्त्यावरून दिसतील असे वाळत घालू नयेत, हे इथल्या बायकाही सांगतात. शंका असेल तर टोकियो पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा उघडा. कुठल्या गल्लीत काय घडले ते त्यात दिसते. फक्त वॉर्डाचा एकूण आकडा पाहून घाबरू नका, कारण मोठ्या वस्तीच्या वॉर्डात आकडाही मोठाच येणार.

खरी भीती पाण्याची आणि भूकंपाची. ती वस्तीच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी जमिनीची उंची, इमारतीचे वय आणि आपला मजला पाहावा लागतो. मी आधी इमारत आणि मजला ठरवते, एरिया त्यानंतर.

आपली बहुतेक मंडळी ज्या तीन ठिकाणांमध्ये घोटाळतात ती म्हणजे एदोगावा वॉर्डातले निशीकासाई, कोतो वॉर्डातले ओजिमा आणि योकोहामाच्या मिदोरी वॉर्डातले किरिगाओका. तिन्हीकडे मी राहिले आहे किंवा महिनोन्महिने ये-जा केली आहे.

निशीकासाई: आल्या आल्या घरासारखे वाटते, पण जमीन खोल

२००० सालच्या सुमारास, वाय-टू-केच्या (२००० साल लागताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणूनच्या) कामासाठी भारतीय इंजिनिअर टोकियोत येऊ लागले, तेव्हा त्यांना घर मिळणे अवघड होते. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या भागात होते. त्यांनी अनेकांना घर मिळवून देण्यात मदत केली. तोझाई लाइनने ओतेमाचीला पंधरा-वीस मिनिटांत पोचता येते आणि तिथल्या बँकांमध्ये कामे होती, म्हणून वस्ती इथेच वाढली. आज एदोगावा वॉर्डात पाच हजारांहून जास्त भारतीय राहतात. २०१९ साली याच वॉर्डाच्या सभागृहात योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले होते.

इथे कणीक, तूरडाळ, कढीपत्ता, गोडा मसाल्यासाठी दगडफूल हे सगळे चालत जाऊन आणता येते. सीबीएसई अभ्यासक्रमाची शाळा जवळ आहे. मूल तापाने फणफणले तर रात्री अकरा वाजता बेल वाजवावी असा मराठी शेजार मिळतो. जपानी न येणाऱ्या, दिवसभर घरी एकट्या राहणाऱ्या बाईसाठी पहिल्या वर्षी याचे मोल केवढे आहे ते मी जाणते. माझी पहिली थंडी या शेजारामुळे निभावली.

आता दुसरी बाजू. एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. आराकावा आणि एदोगावा या दोन मोठ्या नद्या आणि समोर टोकियोची खाडी, यांच्या मधोमध हा वॉर्ड बसला आहे. २०१९ च्या मे महिन्यात वॉर्ड ऑफिसने घरोघर पुराचा नकाशा वाटला. त्याच्या मुखपृष्ठावरच आपल्याच वॉर्डाबद्दल लिहिले होते, "इथे थांबून चालणार नाही." काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत पाणी, आणि ते दोन आठवड्यांपर्यंत ओसरणार नाही, असा अंदाज त्यात आहे. नागरिकांना इतके स्पष्ट सांगणारे सरकारी कागद मी फार कमी पाहिलेत, आणि त्या वॉर्ड ऑफिसबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मोठा टायफून आला. आम्ही तेव्हा शेजारच्या कासाईत एका लाकडी इमारतीत राहत होतो. घर स्वस्त मिळाले म्हणून घेतले होते. सकाळपासून सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळत होते. दुपारी मुलीला रेनकोट घालून, पासपोर्ट आणि भाताचा डबा पिशवीत टाकून आम्ही नवव्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे गेलो. संध्याकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास, ऐन वादळात, भूकंपाचा धक्काही बसला. २६ जुलै २००५ ला डोंबिवलीत कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलेली मी, त्या रात्री खिडकीपाशी बसून होते. बांध टिकले आणि आमच्याकडे पाणी आले नाही. पण पुढच्याच महिन्यात आम्ही ते घर सोडले.

म्हणून निशीकासाईत घर घ्यायचे तर काँक्रीटची इमारत आणि वरचा मजला, याला पर्याय नाही. हे ठरवताना मजल्यांची गल्लत करू नका. जपानी लोक ज्याला 'इक्काई' म्हणतात तो आपला तळमजला आणि त्यांचा 'निकाई' म्हणजे आपला पहिला. आम्ही राहत होतो ते घर दलालाने "दुसरा मजला" म्हणून दाखवले होते. नकाशात ०.५ ते ३ मीटर, ३ ते ५ मीटर, ५ ते १० मीटर असे पट्टे असतात. ३ मीटर पाणी म्हणजे इक्काई पूर्ण गेला, ५ मीटर म्हणजे निकाईही गेला.

स्टेशनच्या दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला, सेइशिनचो आहे. ही भराव घालून उंच केलेली जमीन आहे आणि वॉर्डाच्या नकाशात पुराच्या धोक्याबाहेर दाखवलेल्या थोड्या भागांपैकी एक. इमारती बहुतेक १९८० च्या दशकातल्या. मध्ये झाडे, पोरांना खेळायला मोकळी जागा. निशीकासाईचा शेजार हवा आणि पाण्याची भीती नको असेल तर मी इथेच पाहीन. मात्र भरावाच्या जमिनीचे स्वतःचे दुखणे असते. मोठ्या भूकंपात अशी ओली, वाळूची जमीन पातळ होऊन खचते. २०११ च्या भूकंपात शेजारच्या उरायासू शहराचा बहुतेक भाग असा खचला, चिखल वर आला, गॅस आणि ड्रेनेजच्या लाइनी तुटल्या. खोल पाये घातलेल्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, पण नळाला पाणी नव्हते.

आणखी एक त्रास रोजचा आहे. तोझाई लाइनच्या किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात कोरोनाआधी सकाळी क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी मोजली जात होती. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला हे चालेल. पण इथे दारे बंद होतात आणि सगळे गप्प उभे असतात, त्या गुदमरण्याची सवय व्हायला वेळ लागतो. जलद गाड्या निशीकासाईला थांबत नाहीत हेही लक्षात ठेवा.

ओजिमा: गाजावाजा नसलेले, सोयीचे

ओजिमाची चर्चा आपल्या लोकांत उशिरा सुरू झाली. आता तिथेही भारतीय कुटुंबे भरपूर आहेत. तोएई शिंजुकू लाइनची जलद गाडी इथे थांबते. जिम्बोचो पंधरा मिनिटांच्या आत, शिंजुकू साधारण पंचवीस मिनिटे. तोझाईच्या मानाने गाडीत श्वास घेता येतो. भाच्याचे ऑफिस जिम्बोचोला म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिले नाव हेच आले.

खर्चाच्या दृष्टीने ओजिमाच्या दक्षिणेला सुनामाची गिन्झा हा बाजार आहे. सुमारे ६७० मीटरची अरुंद गल्ली, दोन्हीकडे छोटी दुकाने. संध्याकाळी भाज्यांचे भाव उतरतात. माझी सासू इथे आली होती तेव्हा तिला टोकियोत एवढीच एक जागा आपली वाटली. मंडईसारखे ओरडून बोलावणारे विक्रेते आणि हातात कापडी पिशवी घेतलेल्या आज्या. सुपरमार्केटच्या तुलनेत महिन्याच्या भाजीत मला चांगला फरक दिसायचा.

पाण्याच्या बाबतीत ओजिमा निशीकासाईपेक्षा सुरक्षित आहे असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी उपसल्यामुळे कोतो वॉर्डाची जमीन विसाव्या शतकात खाली बसत गेली. मिनामीसुनाच्या आसपास ती सुमारे साडेचार मीटर बसली. उपसा बंद झाल्यावर खचणे थांबले, पण बसलेली जमीन परत वर येत नाही. त्यामुळे इथेही नियम तोच, काँक्रीट आणि वरचा मजला. थोडे पूर्वेला, जुन्या नाकागावा नदीपलीकडे, कोमात्सुगावाला नदीकाठची जमीन मुद्दाम उंच केली आहे आणि तिथे मोठे उद्यान आहे. त्या बाजूचे घर मिळाले तर उत्तम.

ओजिमात यूआर या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. त्यातली ओजिमा ६-चोमेची (चोमे म्हणजे पत्त्यातला मोहल्ल्याचा क्रमांक) वसाहत १९६९ ची. हे साल महत्त्वाचे आहे, कारण जपानने भूकंपाचे बांधकाम नियम १ जून १९८१ पासून कडक केले. त्यानंतर बांधकाम परवाना मिळालेली इमारत असेल तर माझे मन निर्धास्त असते. लाकडी घर असेल तर २००० सालानंतरचे पाहावे, कारण तेव्हा लाकडी घरांचे नियम आणखी सुधारले. १९८१ च्या आधीची इमारत म्हणजे लगेच वाईट असे नाही. यूआर आपल्या इमारतींची भूकंप तपासणी करून निकाल जाहीर करते. घर दाखवायला आलेल्या माणसाला "ताइशिन शिंदान" एवढे दोन शब्द विचारले तरी तो कागद काढून देतो.

किरिगाओका: टेकडीवर, स्वस्त, लांब

इथे पाणी चढण्याचा प्रश्न नाही, कारण ही टेकडी आहे. २००९ साली इथे भारतीय शाळा सुरू झाली आणि तिच्याभोवती वस्ती जमली. तेवढ्याच भाड्यात इथे निशीकासाईपेक्षा एक खोली जास्त मिळते. हवा मोकळी, झाडी भरपूर, मुले सायकलवर फिरतात.

पण स्टेशन जवळ नाही. तोकाइचिबा किंवा नागात्सुताला बसने जायचे, मग गाडी. नागात्सुताहून शिबुयाला साधारण अर्धा तास. घरापासून मध्य टोकियोतल्या टेबलापर्यंत सव्वा तास धरा. आठवड्यातून दोनदाच ऑफिसला जायचे असेल, किंवा ऑफिस योकोहामा, शिन-योकोहामा, शिबुया या पट्ट्यात असेल, तर किरिगाओकासारखे घर नाही. रोज ओतेमाची असेल तर बाप मुलीला फक्त शनिवार-रविवारी जागी पाहील. पासाचा खर्च बहुतेक कंपन्या देतात, त्यामुळे लांब राहणे पैशाने महाग पडत नाही. जातो तो वेळ. शेवटच्या बसची वेळ मात्र घर घेण्याआधी पाहून ठेवा.

टेकडीचा धोका दरडीचा. २०१४ च्या ऑक्टोबरातल्या टायफूनमध्ये योकोहामात दरडी कोसळून जीव गेले. इमारतीमागे थेट कडा आहे का ते पाहा आणि शहराच्या दरड नकाशात पिवळा किंवा लाल पट्टा घरावरून जात नाही ना याची खात्री करा. पट्टा जात नसेल तर निसर्गाच्या बाबतीत हे तिन्हींत सर्वांत निवांत ठिकाण आहे, यात मला शंका नाही.

याशिवाय दोन नावे कानावर येतील. तोझाई लाइनवरच, एदोगावा नदीपलीकडचे ग्योतोकू. ते चिबा प्रांतात असल्याने भाडे उतरते, पण जमीन तितकीच सखल. दुसरे म्हणजे आराकावा, सुमिदा, आदाची या वॉर्डांतल्या जुन्या लाकडी चाळवजा वस्त्या. भाडे फारच कमी दिसते आणि माणसे प्रेमळ असतात. पण गल्ल्या इतक्या अरुंद की आगीचा बंब शिरत नाही. टोकियो सरकार ५,१९२ मोहल्ल्यांना भूकंपात इमारत कोसळण्याच्या आणि आग पसरण्याच्या धोक्याप्रमाणे १ ते ५ अशी श्रेणी देते. श्रेणी ५ म्हणजे सर्वांत धोक्याचा. पत्त्यातले 'चोमे' टाकून ती श्रेणी बघा. ४ किंवा ५ असेल तर मुलाबाळांच्या घरासाठी मी तिथे पाऊल टाकणार नाही.

पैशाचा खरा हिशेब

जाहिरातीतले भाडे पाहून स्वस्त-महाग ठरवणे ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक. उदाहरणासाठी दोन्हीकडे भाडे १,२०,००० येन धरू.

खासगी घरमालकाकडे साधारण असे लागते: डिपॉझिट एक महिना, 'रेइकिन' एक महिना (मालकाला दिलेली भेट, परत मिळत नाही), दलाली करासकट १.१ महिना, जामीन कंपनीला अर्धा महिना, पहिल्या महिन्याचे भाडे, विमा आणि कुलूप बदलणे मिळून अंदाजे ४०,०००. एकूण ५,९२,००० येन. त्यातले ३,५२,००० कायमचे गेले. शिवाय टोकियोत दर दोन वर्षांनी करार नवा करताना एक महिन्याचे भाडे द्यायची प्रथा आहे.

यूआरमध्ये डिपॉझिट दोन महिने आणि पहिले भाडे, म्हणजे ३,६०,०००. रेइकिन नाही, दलाली नाही, जामीन लागत नाही, करार नवा करण्याचे पैसे नाहीत. डिपॉझिट घर सोडताना दुरुस्तीपुरते कापून परत मिळते. भाड्याशिवाय जिने-लिफ्टची देखभाल फी असते, ती आधी विचारून घ्या. अट उत्पन्नाची. ८२,५०० ते २,००,००० येनच्या दरम्यान भाडे असेल तर कुटुंबाला महिन्याला ३,३०,००० उत्पन्न दाखवावे लागते. ते जमत नसेल तर भाड्याच्या शंभरपट बचत किंवा एक वर्षाचे भाडे आगाऊ भरण्याचे मार्ग आहेत. घर आधी येईल त्याला मिळते, म्हणून कागद तयार ठेवून जायचे.

यूआरची बाजू मी घेते याला आणखी एक कारण आहे. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी एका दलालाने माझ्यासमोर मालकांना फोन लावले. सातपैकी पाच वेळा "भारतीय कुटुंब आहे" एवढे म्हटल्यावर बोलणे संपले. मुलगी शेजारी बसून ऐकत होती, आणि तिला जपानी माझ्यापेक्षा चांगले समजते. यूआरच्या खिडकीवर फक्त रहिवासी कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पाहतात.

मुलांच्या दृष्टीने एक फरक सांगते. टोकियोच्या २३ वॉर्डांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना डॉक्टरकडे पैसे द्यावे लागत नाहीत. योकोहामाचे नियम वेगळे, ते तिथल्या वॉर्ड ऑफिसात विचारा. सरकारी शाळा तिन्हीकडे परदेशी मुलांना फुकट आहे आणि दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त राहायचे असेल तर मी तीच निवडेन. भारतीय शाळेची फी वाचली तर ओजिमातला मोठा फ्लॅट परवडतो.

मग कुणी काय घ्यावे

नवरा-बायको दोघांना जपानी येत नाही, मूल सीबीएसईत, परतायचे दोन वर्षांत: निशीकासाई, शक्यतो सेइशिनचो. ऑफिसला क्वचित जाणे, मुले दोन, मोकळी जागा हवी: किरिगाओका. रोज ऑफिस आणि घरखर्च आटोपशीर: ओजिमा. एकट्या मुलीने यायचे असेल तर स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आतला, वरच्या मजल्यावरचा, १९८१ नंतरचा लहान फ्लॅट, तोही ओजिमाच्या बाजूलाच. वाटेवर दिवे आणि रात्री उघडे दुकान आहे का ते पाहावे.

निशीकासाई आणि ओजिमात वरचा मजला जीव वाचवतो, दोन आठवडे सुखाचे करत नाही. त्याच २०१९ च्या टायफूनमध्ये कावासाकी शहरातल्या मुसाशी-कोसुगीत एका उंच टॉवरच्या तळघरात पाणी शिरून वीज गेली आणि वरच्या माणसांना ना लिफ्ट ना संडास. म्हणून मोठा टायफून येणार असे कळले की आदल्या दिवशीच उंच भागातल्या ओळखीच्यांकडे निघून जायचे. आमची एक मैत्रीण किरिगाओकाला राहते. तिच्याकडे आमच्या तिघांच्या गाद्या ठरलेल्या आहेत.

भाच्यासाठी मी ओजिमाची यूआर निवडली. सातवा मजला, दक्षिणेकडे बाल्कनी, जिम्बोचोला थेट गाडी. शनिवारी दुपारी तो घर पाहायला जाणार आहे. मी त्याला सांगितले आहे की तपासणीचा कागद मागून घे, रात्री दहा वाजता एकदा स्टेशनपासून चालत जाऊन बघ, आणि वाटेतल्या विजेच्या खांबांवर पुराच्या पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्ट्या दिसल्या की थांबून वाच. लेकीलाही बरोबर ने आणि त्या पट्टीशेजारी तिला उभी करून दाखव.